काठीशिवाय सोडलेली गाडी

११ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी पाच ओळी, त्यातली एक हवापाण्यावर. आई फार थकली आहे, सारखं माझं नाव काढते, बर्फ पडून रस्ता बंद व्हायच्या आत येऊन जा, असं लिहिलंस. आणि शेवटी हे, 'खालच्या फाटकावर आलीस की मला फोन कर, पाच मिनिटांत गाडी सोडवतो.'

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. फोन कर. हे तू मला लिहितोस. लाज राहू दे, निदान आठवण तरी ठेवायचीस. म्हणजे तिथे अजून तेच चालतं तर. नऊ किलोमीटरचा रस्ता, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला तळं, रुंदी एका गाडीपुरती, आणि तू अजून फोनवर गाड्या सोडतोस.

मी दुसरी वाट शोधून पाहिली, खोटं कशाला बोलू. तळ्यावरची लाँच दोन वर्षांपूर्वीच बंद झाली म्हणे. डोंगराच्या पलीकडच्या अंगाने पायवाट आहे, दोन दिवसांची. माझा गुडघा हल्ली जिन्यालाच कुरकुरतो, तो त्या वाटेवर मला उचलून नेणार नाही. म्हणजे डोंगरावर यायला रस्ता एकच, आणि त्याच्या वरच्या तोंडाशी तू बसलेला. आईचं तोंड बघायचं तर आधी तुझं बघायचं.

मी काय करते असंही विचारलंयस. एका मोठ्या वाचनालयाच्या दारात सामानाची खिडकी आहे, तिथे बसते. लोकांच्या पिशव्या, छत्र्या घ्यायच्या, पितळी बिल्ला द्यायचा, जाताना बिल्ला घेऊन सामान परत करायचं. परवा एक गृहस्थ बिल्ला हरवून आले. म्हणाले, "अहो बाई, छत्री माझीच आहे. बघा, ती ओली आहे, मीही ओला आहे." मी म्हटलं, "बिल्ला." पाऊण तास शोधला त्यांनी, शेवटी पुस्तकात सापडला. पाठीमागे सगळे मला खडूस म्हणतात. म्हणू देत. अकरा वर्षं फाटक सांभाळून जे मला शिकता आलं नाही, ते या खिडकीत शिकले.

येईन असं म्हणत नाही. आईला माझं पत्र आलं म्हणून सांग, एवढंच.

ताई


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

'झालं गेलं विसरून जा' असं लिहिलंस. वर 'मी काही मुद्दाम केलं नाही' हेही. काय झालं नि काय गेलं, ते तुला नीट आठवतं का, अशी मला शंका आहे. चौकशीच्या खोलीत तुझी आठवण फारच दगा देत होती. म्हणून पुन्हा लिहिते. धाकट्याचे पाढे घेत बसायची सवय मला लहानपणापासून आहे.

रस्त्याला फाटकं दोन. खालचं माझं, वरचं तुझं. काठी एकच. हातभर लांब, लाल रंगाची, टोकाला पितळी कडं. काठी ज्या टोकाला, त्या टोकाचीच गाडी निघणार. शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर काठी घेऊन जाणार आणि दुसऱ्या टोकाला देणार, मग त्या बाजूच्या गाड्या निघणार. काठी हातात आली नाही तर फाटक उघडायचं नाही, मग समोर कोणीही असो. बाबांनी एकदा खात्याच्या मोठ्या साहेबांना खालच्या बाकावर तीन तास बसवलं होतं, कारण काठी वर होती आणि वरून गाडीच येत नव्हती. साहेब लालबुंद झाले होते. बाबा त्यांना चहा देत होते आणि फाटक देत नव्हते. आपण दोघं आत खोलीत तोंडावर हात धरून हसत होतो.

बाबा गेल्यावर फाटकं आपल्याकडे आली आणि आपण शहाणे झालो. काठी वर आणि गाडी खाली असली की तीन तास कोण बसणार? मी फोन फिरवायची, "रस्ता मोकळा?" तू म्हणायचास, "मोकळा आहे, सोड." मी सोडायची. गाडी काठीशिवाय वर यायची. सख्ख्या भावाच्या आवाजापेक्षा लाकडाचा तुकडा मोठा का, असं मला वाटायचं. ही सवय तूच लावलीस, हे लक्षात ठेव.

त्या दिवशी सकाळी अकराला तळ्यावर धुकं होतं. काठी तुझ्याकडे. बेकरीमामा पावाची गाडी घेऊन माझ्या खोलीत उभे, चहाचा कप हातात. आपल्या दोघांना पहिलं बिस्कीट याच माणसाने दिलं होतं. मी फोन केला. तू म्हणालास, "मोकळा आहे, सोड." मामा म्हणाले, "चल पोरी, पाव गार होतात," आणि गेले.

तीन-चार मिनिटांनी तुझ्या फाटकावर खात्याच्या साहेबांची जीप आली. तू त्यांच्या हातात काठी दिलीस आणि फाटक उघडलंस.

चौथ्या किलोमीटरच्या वळणावर त्यांची गाठ पडली. जीप कड्याला घासून थांबली. मामांची गाडी तळ्यात गेली. दुसऱ्या दिवशीही काठाला पाव तरंगत होते, बदकं खात होती. ते मी पाहिलंय. तू खाली आला नव्हतास.

आणि चौकशीत तू काय म्हणालास? "मी नियमाप्रमाणे जीपला काठी दिली. फोन आला नाही." संपलं. फोन आपल्या दोघांच्या मधल्या तारेवरचा, त्याची नोंद कुठेच नाही. जीपमध्ये काठी होती, म्हणजे जीप बरोबर. माझ्या हातात काही नव्हतं, म्हणजे मी चूक. तू काखा वर केल्यास आणि मी माणूस मारणारी बाई झाले. केसाने गळा कापणं म्हणतात ना, तो असा कापतात.

आता लिहितोस, नोकरी गेली असती तर घरही गेलं असतं, आईला घेऊन कुठे गेलो असतो. खरं आहे. तू आदल्या रात्री येऊन हेच मला सांगितलं असतंस, तर मी रडले असते, तुला चार शिव्या दिल्या असत्या आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं असतं. मी घेतलं असतं रे. तू विचारलंच नाहीस. समोरच्या खुर्चीत बसून, माझ्याकडे न बघता बोललास.

ताई


२७ ऑक्टोबर

धाकट्या,

या वेळी दीड पान लिहिलंस, म्हणजे कुठेतरी लागलं असावं. लागू दे.

तुझं एक म्हणणं बरोबर आहे. फोनची सवय तू लावली नाहीस. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पहिला फोन माझा होता. खालच्या गावात मैत्रिणीच्या मुलीचं बारसं नि काय होतं, मला दुपारी निघायचं होतं, आणि दोन गाड्या काठीसाठी अडून बसल्या होत्या. मी तुला म्हटलं, "रस्ता रिकामा आहे ना? मग सोडते, कोण बघतंय." तू घाबरून म्हणाला होतास, "ताई, बाबा असते तर?" आणि मी म्हटलं होतं, "बाबा नाहीत." हे मी चौकशीत सांगितलं नाही, तुला लिहिलं नाही, मनातल्या मनातही कधी नीट म्हटलं नाही. आज लिहिते. माझा वाटा माझ्याकडे आहे, तो मी तुझ्या पदरात टाकत नाही.

पण तुझा वाटा तुझ्याकडे ठेव.

मला सहा वर्षं एकच गोष्ट विचारायची आहे. जीप आली तेव्हा तू विसरला होतास का, की खालून मामा येताहेत? चार मिनिटांत माणूस विसरतो? मी फार विचार केला. माझं म्हणणं असं आहे की तू विसरला नव्हतास. साहेबांना थांबवायचं तर कारण द्यावं लागलं असतं. काठी तुझ्या हातात, मग रस्ता मोकळाच हवा. "खालून एक गाडी काठीशिवाय येतेय" हे साहेबांसमोर कोणत्या तोंडाने म्हणणार? मग तू मनाशी म्हणालास, वळणाच्या अलीकडे झऱ्यापाशी रस्ता थोडा रुंद आहे, तिथे होतील एकमेकांच्या बाजूला. असंच ना? होतील, असं म्हणून फाटक उघडलंस.

विसरला असशील तर तसं लिही. घाबरला असशील तर तेही लिही. दोन्हीपैकी काही एक लिही.

आणि आईचं. आई मला बोलावते म्हणतोस. तिला चौकशीवाल्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी बाहेर मटार सोलत होते, मला काही ऐकू आलं नाही." धाकट्या, त्या फोनवर तुझ्यामागून आईचा आवाज आला होता. "तिला सांग, स्वेटर झालाय, मामांच्या गाडीतून परतीला पाठवते." माझ्या कानात तो आवाज अजून आहे. ती बाहेर नव्हती, फोनपासून दोन हातांवर बसली होती. तुझ्या खोटेपणाचा मला राग येतो. तिच्या खोटेपणाचा राग येत नाही. दोन पोरं बुडत होती, तिने एकाला ओढून घेतलं. ते मी नव्हते.

तर आता ऐक. मला खात्याकडून काही नको. नोकरी नको, कागद नको, तुझी माफीही नको. तू मामींकडे जा. बेकरीची गाडी आता त्याच चालवतात असं कळलं. म्हणजे रोज तुझ्या फाटकातून जातात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मला रस्त्यात बघून तोंड फिरवलं, आणि मी दुसऱ्याच आठवड्यात गाव सोडलं. त्यांना सांग की फोन झाला होता. तू 'सोड' म्हणाला होतास. एवढं सांग, मी येते.

मामींना सांगितल्याशिवाय मी त्या रस्त्यावर पाय ठेवणार नाही, मग बर्फ पडो नाहीतर काही पडो.

ताई


४ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझं कार्ड आजच आलं. 'मामींना सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. बारा तारखेपासून रस्ता बंद आहे. लवकर ये.'

खिडकीत बसूनच वाचलं. समोर बिल्ला घेऊन माणसं उभी होती आणि मला डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता. ओल्या छत्रीचे ते गृहस्थ पुन्हा आले होते, त्यांनी त्यांचा दिला. खडूस बाई रडते हे बघून त्यांना फार बरं वाटलं असावं.

विसरलास की घाबरलास, ते तू लिहिलं नाहीस. चालेल. तोंडाने सांगितलंस ते त्यापेक्षा अवघड होतं. मी तुला काय काय लिहिलं, त्यातलं काही जिव्हारी लागलं असेल तर ताईचं बोलणं म्हणून सोडून दे.

रजा मिळाली. आईसाठी मऊ सपाता घेतल्यात, आतून लोकर असलेल्या. तिच्या पायाचं माप आठवेना, मग माझ्या मापाच्याच घेतल्या, तिचे माझे पाय सारखेच. नऊ तारखेला सकाळच्या बसने खालच्या फाटकावर पोचते. तिला सांग, पण फार आधी सांगू नकोस, उगाच दारात येऊन बसेल.

तुझ्या शब्दावर निघते आहे.

ताई


९ नोव्हेंबर, खालचं फाटक, दुपारचे दोन

धाकट्या,

हे पत्र टपालाने येणार नाही.

सकाळी साडेदहाला पोचले. फाटकाची खोली तशीच आहे, फक्त भिंत हिरवी केली आहे आणि बाबांचं घड्याळ काढलंय. नवा फाटकवाला भला माणूस आहे. मी कोण ते कळल्यावर आधी गडबडला, मग खुर्ची दिली. म्हणाला, "भाजीचा टेम्पो वर जाणारच आहे, त्यात बसा. काठी वर आहे, पण वरून साहेबांनी फोनवर सांगितलंय, रस्ता मोकळा आहे, सोड." साहेब म्हणजे तू.

मी म्हटलं, "काठी येईपर्यंत थांबू."

"अहो, दोन-तीन तास जातील. रोज असंच चालतं."

"मग आज चालणार नाही," असं म्हणून मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले. टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमला. माझ्यासारख्या जाडजूड बाईला उचलून बाजूला ठेवणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. शेवटी दोघेही डबे उघडून जेवायला बसले.

अकराच्या सुमाराला बेकरीची गाडी आली. मामी उतरल्या. केस सगळे पांढरे झालेत. त्यांनी मला पाहिलं आणि या वेळी तोंड फिरवलं नाही. मला वाटलं, तू सांगितलंस म्हणूनच. मी पुढे गेले, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "मामी, त्याने तुम्हाला सगळं सांगितलं, फार बरं झालं."

त्या म्हणाल्या, "कोणी? काय सांगितलं?"

"धाकट्याने. फोनचं."

"कसला फोन? रोजचे पाव घेतले त्याने मागच्या आठवड्यातही. आईला मऊ लागतात म्हणून ताजे मागितले. बाकी काही बोलला नाही."

मी तिथेच बाकावर बसले. तू पुन्हा तेच केलंस. मला वर आणायचं होतं, मध्ये काय आहे ते तुला ठाऊक होतं, तरी 'मोकळा आहे' म्हणालास, आणि मी पुन्हा तुझ्या शब्दावर निघाले. बिल्ला बघितल्याशिवाय कोणाला छत्री देत नाही मी, आणि तुझ्या एका कार्डावर रजा टाकून, सपाता घेऊन आले. सहा वर्षांपूर्वी तू मला तोंडघशी पाडलंस तेव्हा तू घाबरलेला होतास, असं मी स्वतःला समजावत आले. या वेळी कोण होतं समोर? कोणती जीप उभी होती?

काठी यायला पावणेतीन तास लागले. तेवढा वेळ आम्ही दोघी बाबांनी साहेबांना बसवलेल्या बाकावर बसलो. मी मामींना सांगितलं. फोन सांगितला, तुझं 'सोड' सांगितलं, आईचा स्वेटर सांगितला, जीप सांगितली. मग माझा पहिला फोनही सांगितला.

शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे काठी दिली तेव्हा त्याला माहीत होतं, हे खालून येताहेत."

"मला तसं वाटतं. त्याने अजून कबूल केलं नाही."

"मी सहा वर्षं रोज त्याच्या हातात पाव देते," त्या म्हणाल्या. "नवऱ्याचा विषय निघाला की तो मान खाली घालायचा. मला वाटायचं, किती जीव लावणारा आहे."

मग त्या उठल्या, गाडीची काच पुसायला लागल्या. काच स्वच्छ होती. बराच वेळ पुसली. परत येऊन माझ्यापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्यावरही माझा राग आहे. तो आजच जाणार नाही."

मी म्हटलं, "नका घालवू."

"पण तू सांगितलंस," त्या म्हणाल्या. "आता असं कर. त्याला पत्र लिही. मी नेते. तोंडाने मला नीट बोलता येणार नाही, आधी रडू येईल."

म्हणून हे लिहिते आहे. आत्ताच वरून दुधाची गाडी काठी घेऊन आली. नव्या फाटकवाल्याने ती माझ्या हातात दिली, जुनी फाटकवाली म्हणून की काय. मी सहा वर्षांनी धरली. कड्याशी रंग उडालाय, लाकूड उघडं पडलंय. टेम्पोला आधी सोडलं, काठी न देता. त्याच्यामागून मामी निघतील, शेवटची गाडी म्हणून काठी त्यांच्याकडे. सगळं बाबांच्या पद्धतीने.

तेव्हा हे वाचशील तेव्हा त्या तुझ्या समोर उभ्या असतील. पत्र त्यांनी आधी वाचलेलं असेल, त्यामुळे त्यांच्यापुढे घडी घालून खिशात टाकायची सोय नाही. काठी त्यांच्या हातात आहे. त्या ती तुला देईपर्यंत वरून एक सायकलही खाली सोडता येणार नाही, आणि त्या ती कधी देतील ते तुझ्यावर आहे. तू विसरलास की घाबरलास, ते मला सांगू नकोस. माझा तुझ्या शब्दाशी संबंध संपला. त्यांना सांग. आई आत असेल तर तिलाही बाहेर बोलाव. तिने काय ऐकलं होतं ते तिलाही सांगता येईल, अजून आवाज आहे तिला.

सपाता मामींकडे दिल्यात. आईला घालून बघ, होतील.

तिला सांग, मी खाली आले आहे. बाकावर बसले आहे. आज, उद्या, अकरा तारखेपर्यंत बसेन. मामी ज्या दिवशी काठी घेऊन खाली उतरतील आणि 'त्याने सांगितलं' म्हणतील, त्याच्या पुढच्या गाडीने मी वर येईन. नाही म्हणाल्या तर बर्फ पडेल आणि मी परत जाईन, आणि आईला कारण तू सांगशील.

मामींनी गाडी सुरू केली आहे. फाटक मी स्वतः उघडते.

खोलीतला फोन मघापासून वाजतो आहे. तूच असशील. वाजू दे.

ताई